नवस गव्हाचा, पोट ज्वारीचं

मी बरी व्हावी म्हणून माझ्या सासूबाईंनी नवस बोलला. तेल्हाऱ्याकडच्या आमच्या शेतात लिंबाखाली मारोती आहे, त्याला रोडगे घालीन म्हणाल्या. रोडगे म्हणजे गव्हाच्या जाड्याभरड्या पिठाचे, गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत, भाजलेले आणि तुपात बुडवून खायचे गोळे. मला जो आजार आहे तो गव्हाचाच. म्हणजे बरी झाले की पुन्हा आजारी पडायला मला शेतात जायचं होतं, तेही पाहुणे गोळा करून.

आमच्याकडची रीत अशी, की ज्याच्या नावानं नवस त्यानं पहिला घास खायचा. तो घास मी खायचा की नाही, यावरून आमच्या घरात जे झालं ते सांगते. ज्यांना हा आजार आहे त्यांच्यासाठी सांगते, आणि त्यांच्या घरच्यांसाठी तर जास्तच. औषधपाण्याची माहिती इथे मिळणार नाही, ती डॉक्टरांना विचारा.

टेन्शन घेऊ नका

मी अकोल्यात जठारपेठेत राहते, घरीच ब्लाउज शिवते. नवऱ्याचं, संदीपचं, मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. घरात सासूबाई आणि आमची मुलगी गार्गी.

कित्येक वर्षं माझं पोट ठीक नव्हतं. फुगायचं, दुखायचं, जुलाब तर रोजचेच. रक्त कमी, केस गळतात, जिना चढले की धाप. गिऱ्हाइकांचे ब्लाउज मी उसवून ढिले करून द्यायची आणि स्वतःचे आत आत घेत जायची. ज्या ज्या डॉक्टरकडे गेले त्यानं लोहाच्या गोळ्या दिल्या आणि सांगितलं, ताई, टेन्शन घेऊ नका. मला टेन्शन एकच होतं, की दर वेळी हेच का ऐकवतात. बायका विचारायच्या, "काहून वं, नवरा खाऊ घालत नाई का?" मी म्हणायची, घालतो ना, रोज सहा पोळ्या. ते खरंच होतं. अंगात ताकद यावी म्हणून मी पोळ्या वाढवत होते आणि वरून दूध पीत होते.

अमरावतीचा दिवस

माझं माहेर वलगावचं. भाऊ नितीन तिथे पालक, मेथी, कोबी लावतो. एका उन्हाळ्यात मी माहेरी गेले आणि मळ्यातून घरापर्यंत चालत येता येईना, धुऱ्यावरच, म्हणजे बांधावरच, बसले. नितीननं काही विचारलं नाही. गाडी काढली, आईला बसवलं, मला बसवलं आणि अमरावतीला पोटाच्या डॉक्टरकडे नेलं.

रक्त तपासलं. मग तोंडातून नळी घालून आतड्याचा बारीक तुकडा काढला. नळीची भीती वाटते म्हणून कोणी ही तपासणी टाळत असेल तर टाळू नका. घशात घाण वाटतं, डोळ्यांतून पाणी येतं आणि संपतं.

रिपोर्ट आला त्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "तुमच्या आतड्याला गहू चालत नाही. पोळी, रवा, मैदा, शेवया, बिस्किटं, ब्रेड, सगळं बंद. दूधही सोसत नाही, तेही बंद."

"आणि सुरू कधी करायचं?" मी विचारलं.

"गहू कधीच नाही. दुधाचं पुढे बघू."

"मग गोळी कोणती?"

"गोळी नाही. न खाणं हेच औषध."

मी रडायला लागले. खोटं कशाला सांगू, मरणाची भीती नव्हती वाटली. मला डोळ्यांसमोर पुरणपोळी दिसत होती. आमचं सासर माळकरी, अंडं-मटण दाराच्या आत येत नाही. आता गहू नाही, दूध नाही, तूप नाही, दही नाही. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं म्हणतात, मला तर दोन्ही बंद. मग मी खायचं काय, डोंबल?

बाहेर बाकावर आईला सगळं सांगितलं. आईनं पदरानं तोंड पुसलं आणि माझ्यावरच उखडली.

"रडून काहून राह्यली? आमच्या लहानपणी गहू सणालेच दिसे. आमी ज्वारीवरच वाढलो, ज्वारीवरच बाळंतपणं केली. तुले देवानं आपली जुनी भाकर खा म्हणून सांगतलं, तं त्यात रडाचं काय हाये?"

त्या क्षणी मला तिचा राग आला. पण गाडीत बसेपर्यंत रडं थांबलं होतं.

मूठभर कणीक

अकोल्याला परत आले ती कंबर कसूनच. घरातलं बिस्किट बंद केलं. ज्वारी, तांदूळ दळायला घरी छोटी चक्की आणली, कारण बाहेरच्या चक्कीत गव्हावर दळलेली ज्वारी मला विष. हिंगाच्या डबीत मैदा असतो हे कळल्यावर हिंगही गेला. मला शिवणाच्या ऑर्डरी होत्या, म्हणून भाकरी करायचं काम सासूबाईंनी घेतलं. "तू मशीनवर बस, भाकरीचं माह्याकडं," म्हणाल्या. मला बरं वाटलं, घरचे पाठीशी आहेत असं वाटलं.

पण पोट काही ऐकेना. उलट बिघडत गेलं. एक दिवस कात्री धरली आणि हाताची बोटं आखडली ती उघडेचनात. संदीपनं तसंच उचलून दवाखान्यात नेलं. अंगातलं पाणी आणि क्षार संपले होते, भरती केलं.

दवाखान्याचं जग वेगळंच असतं. पहाटे रक्त घ्यायला येतात, मग वजन, मग फरशी पुसणारी मावशी पाय वर घ्या म्हणते, मग मोठे डॉक्टर येऊन जातात, आणि मग दिवसभर सलाईनचे थेंब बघत बसायचं. पहिल्याच सकाळी नाश्ता आला तो दलिया. "पचाले हलका हाये, ताई," वाढणारी बाई म्हणाली. दलिया म्हणजे गहूच. मी वाटी परत दिली. तिनं पुन्हा आणली. मी पुन्हा परत दिली आणि म्हटलं, बाई, यानंच तर मी इथे आले. शेजारच्या खाटेवर रेहानाबी नवऱ्याला घेऊन होत्या. त्यांनी आपला डबा उघडून माझ्यापुढे धरला. "देखो बेटा, सिरफ चावल और मसूर. नमक, हल्दी, तेल, बस. हमारे में हिंग डालतेच नहीं." तो भात मी चवीचवीनं खाल्ला. दवाखान्यातलं तेवढंच एक जेवण मला अजून आठवतं.

दुसऱ्या दिवशी आहार सांगणाऱ्या बाई आल्या. संदीप, सासूबाई, सगळे होतो. त्यांनी एकेक विचारत आणलं. पीठ कुठे दळता, तवा कोणता, भाकरी कोण करतं?

"मीच करतो," सासूबाई अभिमानानं म्हणाल्या. आमच्याकडे बाया असंच बोलतात. "अशी गोल, पातळ करतो! कोरड्या ज्वारीची भाकर तुटते, म्हणून मूठभर कणीक टाकतो. मंग पाहा कशी फिरते हातावर."

 मग त्या बाई हळूच म्हणाल्या, "आजी, कणीक म्हणजे गहूच ना."

"अवं बाई, मूठभर! मुठीनं काय होते?"

मी ओरडले. काय बोलले ते लिहीत नाही, वॉर्डातली सगळी माणसं वळून बघत होती. इतका राग मला जन्मात कोणाचा आला नव्हता. म्हातारीनं मुद्दाम केलं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. ती मला चांगली भाकर घालत होती, न तुटणारी. पण मी त्या भाकरीनं मरायला टेकले होते, आणि त्या वेळी मला तिचं तोंड बघायचं नव्हतं. सासूबाई खाली मान घालून उठल्या आणि निघून गेल्या.

रात्री संदीप म्हणाला, "भाऊबंदात नको सांगू वं हे. आईले तोंड दाखवाले जागा राह्यनार नाई."

मी हो म्हटलं. मला तेव्हा भांडायचीही शक्ती नव्हती.

नंतर सासूबाई आल्या त्या थेट गावाकडून. कपाळाला शेंदूर, हातात अंगारा. खाटेशी बसून माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "मारोतीले नवस बोलून आली, पोरी. तू बरी झाली का रोडगे घालीन. सगळं भाऊबंद बलावीन. पह्यला घास तुहा."

मी हसायला लागले. इतकी हसले की सलाईनची सुई दुखायला लागली. सासूबाईंना कळेचना मी का हसते ते. आणि जेव्हा कळलं तेव्हा त्यांनी तोंडावर हात ठेवला. "आता वं? बोलली तं खरं."

जवस, गूळ आणि जिद्द

घरी आल्यावर पहिलं काम केलं. स्वयंपाकघरातला एक कोपरा माझा, माझी परात, माझा तवा, माझं पोळपाट. त्याला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. सासूबाईंना वाईट वाटलं, वाटू दिलं. ज्यांच्या घरी असा रोगी आहे त्यांनी लक्षात ठेवा, आमचं पोट तुमच्या मनापेक्षा नाजूक आहे.

मग मी हट्टालाच पेटले. बिचारी, तिला काहीच चालत नाही, हे वाक्य माझ्या डोक्यात जायचं. लग्नात बायका माझ्या पानात डोकावून च्यक् च्यक् करायच्या. मी ठरवलं, सगळं करीन, माझ्या पद्धतीनं करीन, आणि तुमच्यापेक्षा चांगलं करीन.

गार्गीचा वाढदिवस आला. ती म्हणाली, "आई, तू नाही खाणार तो केक मले नको." झालं. ज्वारीचं पीठ, थोडं तांदळाचं, गूळ, शेंगदाणे भिजवून वाटून काढलेलं दूध. कुकरची शिट्टी आणि रबर काढून, तळाशी मीठ टाकून भाजला. पहिला केक असा झाला की संदीप म्हणाला, "दुकानाच्या पायरीले दगडाची एक फाडी कमी पडून राह्यली व्हती, ठेव हे." दुसरा चुरा झाला, तो चमच्यानं खाल्ला. ज्वारीच्या पिठाला चिकटपणाच नाही, ते एकमेकांना धरून ठेवतच नाही, आमच्या भाऊबंदासारखं.

मग ध्यानात आलं, जवसाची चटणी वाटताना पाणी पडलं की कसं बुळबुळीत होतं. जवस भाजून, कुटून पाण्यात भिजवला आणि पिठात घातला. पीठही आधी उकळत्या पाण्यात थोडं कालवून घेतलं, भाकरीला घेतो तसं. वरून सोडा आणि लिंबाचा रस. केक फुगला! वर तडकला, पण फुगला. गार्गीच्या मैत्रिणींनी ताटली पुसून खाल्ला. एकीनं विचारलं, "काकू, कोणत्या बेकरीतला?" त्या दिवशी मी गल्लीतून मान वर करून फिरले, उगीच दोनदा.

हळूहळू अंगावर मांस आलं. ब्लाउज पुन्हा ढिले करावे लागले. वर्षाच्या शेवटी डॉक्टरांना विचारून दूध घोटभर चाखून पाहिलं, पोटानं पुन्हा तेच रडगाणं सुरू केलं. दुधाला राम राम ठोकला. रक्ताचा रिपोर्ट मात्र इतका चांगला आला की संदीपनं तो दोनदा वाचला.

आणि सासूबाई म्हणाल्या, "आता नवस फेडा लागन."

रोडगे

घरात बोलाचाली सुरू झाली. मी म्हटलं, ज्वारीचे करू. सासूबाई म्हणाल्या, बोलली गव्हाचा, देवाले फसवाचं कसं? संदीप मधल्या मध्ये. "एक घास घेतल्यासारखं कर अन् पदरात टाक," त्यानं अक्कल पाजळली. मी म्हटलं, एवढं लपूनछपून खायला मी चोरी केली नाही. आणि एक घास म्हणजे काय हे याच घरानं मुठीमुठीनं पाहिलं आहे. 

तूर निघाली, शेत मोकळं झालं, तेव्हा एका शनिवारी गेलो. मी आदल्या दिवशीच माझं सामान बांधलं होतं. ज्वारीचं पीठ, जवस, शेंगदाण्याचं तेल, माझी परात. वारा ज्या बाजूनं येत होता त्या बाजूला, कणकेपासून लांब, मी माझा वेगळा आर लावला. पीठ उकळत्या पाण्यात कालवलं, जवस घातला, तेलाचा हात लावून गोळे वळले आणि गोवऱ्यांत पुरले. वांग्याची भाजीही वेगळ्या गंजात, म्हणजे पातेल्यात. येणारी प्रत्येक बाई थांबून पाहून जात होती. "काय वं हे सवतं?" मी म्हणायची, हो, सवतं.

नैवेद्य दाखवला. मोठे मामाजी, म्हणजे माझ्या सासऱ्यांचे थोरले भाऊ, त्यांनी गव्हाचा रोडगा फोडला, त्यावर तूप सोडलं, आणि सगळ्यांसमोर माझ्यापुढे धरला.

"घे, सूनबाई. तुह्या नावाचा हाये."

"मामाजी, मी हा खात नाही. मला गहू चालत नाही. मी ज्वारीचे केले आहेत, त्यातला एक देवापुढे ठेवला आहे, मी तेच खाते."

"देवाच्या घासानं काई होत नाई."

"मला होतं."

"आजपावतर या घरात कोनी परसाद नाकारला नाई," त्यांचा आवाज चढला. "देवानं तुले बरं केलं, अन् त्याचाच घास तुले जड झाला? गव्हानं कोनी मेलं काय? हे सारे शहरातले थेरं!"

सगळे माझ्याकडे पाहत होते. मला भीती नाही, संताप आला होता. एका वाक्यात मी सगळ्यांची तोंडं बंद करू शकले असते. दवाखान्यात मी कशी पोचले, एवढंच सांगायचं होतं. संदीपनं माझ्याकडे पाहिलं. मी ते वाक्य गिळलं. पण घास नाही गिळला.

"मामाजी, तुम्ही मोठे आहात," मी म्हटलं. "पाया पडते. पण हे तोंड माझं आहे, यात काय जाईल ते मीच ठरवीन. मारोतीला राग आला तर तो माझं काय करायचं ते करेल. तुम्ही मध्ये पडू नका."

बायकांमधून कोणीतरी "बाप्पा!" म्हटलं. मामाजींचा हात तसाच पुढे. तुपाचा ओघळ त्यांच्या मनगटावर आला होता.

तेव्हा सासूबाई उठल्या. गुडघ्यावर हात टेकत मारोतीपुढे गेल्या. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि देवाशी बोलावं तसं, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या.

"मारोतीराया, पोरीले म्याच दवाखान्यात घातलं व्हतं. तिले गहू चालत नाई हे मले मालूम व्हतं, तरी तिच्या भाकरीत म्या कणीक टाके. रोज टाके. मले वाटे, मुठीनं काय होते. पोरगी मराले टेकली व्हती. हे आजवर कोनाले सांगतलं नाई, तिनंबी नाई सांगतलं." मग त्या मामाजींकडे वळल्या. "नवस म्या बोलली, गुन्हा माहा. तो घास इकडं द्या, भाऊजी."

त्यांनी मामाजींच्या हातातला रोडगा घेतला आणि तिथेच उभ्यानं खाल्ला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या चावत होत्या. 

मी माझा ज्वारीचा रोडगा राखेतून काढून झटकला, फोडला. बाहेरून कडक होता, आतून मऊ, वाफ निघाली. तेलात बुडवून खाल्ला. चांगला झाला होता, खोटी नम्रता कशाला.

मामाजी न जेवता उठून गेले. ते अजून आमच्याकडे येत नाहीत. बाकीचे जेवले. दोन-तीन बायकांनी माझ्या आराजवळ येऊन माझा रोडगा चाखायला मागितला. मी दिला, पण आधी हात धुऊन यायला लावलं.

भांडी आवरताना सासूबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. अंतर राखून, माझ्या परातीला धक्का लागणार नाही अशा.

"पुढच्या डावाले ज्वारीचाच नवस बोलीन," त्या म्हणाल्या.

"आई, आता माझ्यासाठी काही बोलूच नका," मी म्हटलं. "देवाला तर नाहीच. मला एकदा विचारत जा फक्त."

त्यांचा हात सवयीनं परातीकडे गेला. मग हात मागे घेऊन त्यांनी विचारलं, "हे परात घासू काय, का तूच घासतं?"

"मीच घासते," मी म्हटलं.